मागणी : बाजारातली आणि मोर्च्यातली

(वस्तीतल्या वाचनालयात झालेल्या युवकांच्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच उतरवून काढलं आहे.)



मला इथं कविता वाचायला बोलावलं. कविता खिशात आहे, ती तिथंच असू द्या. आज मी आईची वही घेऊन आलोय. घरखर्चाची वही. आईला अक्षर येत नाही. ती बोलते, मी लिहितो. तांदूळ, तेल, गॅस, लाईटबिल, खोलीचं भाडं, बापाच्या गोळ्या. आणि मध्येच एक शब्द येतो, वशाट. महिन्यात कधी चारदा येतो, कधी दोनदा. महिनाअखेरीला येतच नाही.

आज या एका शब्दावर मला बोलायचंय. आपण ब्राह्मण्यावर बोलतो, भांडवलशाहीवर बोलतो, क्रांतीवर तर रात्र रात्र बोलतो. पण आपल्या ताटात काय पडतं, त्याला पैसा किती जातो आणि ते कोण ठरवतं, यावर आपण गप्प असतो. लाज वाटते. बामणाच्या पोराला बापजाद्यांकडून जमीन मिळाली, वाडा मिळाला, आपल्याला ही खाण्याची लाज मिळाली.

मध्यंतरी आमच्या चाळीत घरखर्चाची पाहणी करणारा एक माणूस आला. माणूस चांगला होता. दारात चप्पल काढून बसला, आमच्या घरचं पाणी प्याला. त्याच्याकडं लांबलचक यादी. मागल्या सात दिवसांत अंडी किती? मासे किती? कोंबडी? बकऱ्याचं मटण? आई सांगत गेली. मग त्यानं आवाज खाली आणला आणि विचारलं, "बड्याचं? म्हशीचं?"

आई पटकन म्हणाली, "न्हाई बा. आमच्यात न्हाई चालत त्ये."

त्यानं शून्य टाकलं आणि पुढं सरकला. इकडं गॅसवर पातेल्यात म्हशीचंच शिजत होतं. परवान्याच्या दुकानातलं, कायद्यानं चालणारं. तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, खोटं का बोललीस?" ती म्हणाली, "त्यो लिवून नेतोय बाबा. कुठं नेतोय, ठावं हाय का तुला?"

मित्रांनो, मी दहावी पास. अर्थशास्त्र शिकलो नाही. पण त्या दिवशी मला आकडा कसा तयार होतो ते कळलं. हे एकट्या माझ्या आईचं नाही. २०११-१२च्या सरकारी पाहणीत गाईचं किंवा म्हशीचं मांस खातो असं सांगणारे सुमारे ८ कोटी लोक निघाले. सांगणारे, बरं का. बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब या दोन अभ्यासकांनी २०१८ साली लिहिलं, की मांस खाणारे, आणि त्यातही बडं खाणारे, पाहणीत कमी सांगतात. कारण सांगण्याची किंमत मोजावी लागते. या देशात शाकाहाराचा आकडा फुगतो तो असा. आमच्या तोंडावर हात ठेवून.

आता सरकारचाच आकडा घेऊ. २०२२-२३ साली देशभर घरखर्चाची मोठी पाहणी झाली. खेड्यातल्या घरानं शंभर रुपये खर्च केले तर अंडी, मासे आणि मांस या तिन्हीवर मिळून ४.९१ रुपये गेले. शहरात ३.५७ रुपये. आणि दुधावर? खेड्यात ८.३३, शहरात ७.२२. म्हणजे दुधाला जेवढं जातं त्याच्या निम्म्याच्या आसपास अंडी, मासे, मांस सगळं मिळून.

हे वाचून शहाणा माणूस म्हणतो, बघा, भारताची मागणी दुधाला आहे, मांसाला नाही. थांब बाबा. याच देशात सत्तर टक्क्यांहून जास्त माणसं मांसमच्छी खाणारी आहेत, हे २०१४ सालच्या सरकारी नोंदणी पाहणीतच आलंय. मग पैसा कमी का? कारण दूध रोज लागतं. चहात पाव लिटर का होईना, रोज. वशाट बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. त्यातले दोन वार पैशानं खाल्ले, एक वार श्रावणानं. आणि दुधामागं सरकार उभं राहिलं. १९४९ साली मुंबईत आरेची दूध वसाहत झाली, १९७० साली देशभर ऑपरेशन फ्लड आलं. गाड्या, शीतगृहं, डेऱ्या, सगळं उभं राहिलं. चांगलंच झालं, आमच्याही चहात दूध आलं. पण दूधही जनावराचंच आहे ना? जनावराच्या आचळातून आलं की ते सात्त्विक, आणि त्याच जनावराच्या मांडीतून आलं की आपण बाटलो. उन्हात बसून जवळा वाळवणाऱ्या कोळणीमागं, म्हशीचं मांस विकणाऱ्या कुरेश्यामागं असं सरकार कधी उभं राहिलं?

आता या 'मागणी' शब्दाकडं बघा. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. आपण मोर्च्यात म्हणतो, आमच्या मागण्या मान्य करा. आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकातही मागणी असते. पुस्तकातली मागणी म्हणजे काय? भूक नव्हे. भूक अधिक खिशातला पैसा, म्हणजे मागणी. खिसा रिकामा असला तर तुमची भूक बाजाराला ऐकूच येत नाही. खाटकाच्या दुकानासमोरून माझी आई पदर सावरत सरळ निघून जाते, तेव्हा पुस्तक म्हणतं, मागणी नाही. बघा, किती सोपं केलंय.

एर्न्स्ट एंगेल नावाचा एक जर्मन आकडेतज्ज्ञ होता. हा मार्क्सचा मित्र एंगेल्स नव्हे, दुसरा. १८५७ साली त्यानं बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासले आणि दाखवून दिलं, की घर जितकं गरीब तितका खर्चातला खाण्याचा हिस्सा मोठा. त्याच्यापुढची पायरी आपल्या प्रत्येकाच्या घरात दिसते. चार पैसे जास्त आले की आधी भाकरीवरचं कालवण बदलतं. अंडं येतं, मच्छी येते. आणि चार पैसे कमी झाले की पहिला घाव तिथंच पडतो. भाडं कापता येत नाही, लाईटबिल कापता येत नाही, गोळ्या कापता येत नाहीत. वशाट कापता येतं.

आईच्या वहीत हे स्पष्ट दिसतं. मी गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत आहे. पाळी मिळाली तर हजेरी, नाही तर घरी. ज्या आठवड्यात सहा पाळ्या लागल्या त्या आठवड्यात वहीत मटण नाही तर बडं आहे. चार पाळ्या, तिथं ब्रॉयलर. तीन पाळ्या, सहा अंडी. दोन पाळ्या, सुकट. आणि बोट लागली नाही त्या आठवड्यात लिहिलंय, 'मसाला १० रु.' म्हणजे रस्सा. नुसता रस्सा. वास तोच, आत काही नाही. मुंबई बंदरात बोट लागली की नाही ते बघायला मला धक्क्यावर जायची गरज नाही. आईचं पातेलं उघडलं की कळतं.

कुणी म्हणेल, पौष्टिकच पाहिजे तर डाळ खा, डाळ स्वस्त. खरं आहे, हिशेब करू. हिशेबाला आपण का भ्यावं? तूरडाळ किलोला दीडशे धरली, तर दहा ग्रॅम प्रथिनं सात रुपयांत पडतात. अंडं साडेसातला, त्यात सहा ग्रॅम. म्हणजे दहा ग्रॅम साडेबारा रुपयांत. हाडं नसलेलं म्हशीचं मांस किलोला तीनशे धरलं तर पंधरा रुपयांत. ब्रॉयलरची हाडं वजा केली तर वीसच्या आसपास. आणि बकऱ्याचं मटण आठशेनं घेतलं तर पन्नासच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. आता सांगा, ओझं उचलणाऱ्या माणसाला बकऱ्याच्या मटणातून ती पुरवायची असतील तर दिवसाची हजेरी कितीशी उरेल?

तर डाळ स्वस्त, कबूल. डाळ आम्ही खातोच. पण डाळीत बी-१२ जीवनसत्त्व नाही, ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. मांसातलं लोह अंगी लागतं तेवढं पालेभाजीतलं लागत नाही. २०१९-२१च्या आरोग्य पाहणीत या देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांत ६७ टक्के. याला कारणं पुष्कळ आहेत, एकट्या मांसावर मी ते ढकलत नाही. पण ज्या देशात दर तीन पोरांतली दोन पोरं पांढरी पडलीत, त्या देशात ताटातलं काढून घ्यायचा कायदा करताना हात थरथरायला पाहिजे होता.

तो हात थरथरला नाही. १९७६च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाय कापायला बंदी होतीच. बैल आणि वळू त्यात घालणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळात झाली, वीस वर्षं पडून राहिली, आणि मार्च २०१५मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन लागू झाली. २०१६च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. मात्र दुसऱ्या राज्यात कापलेलं मांस इथं बाळगलं म्हणून गुन्हा, हे कलम रद्द केलं. म्हैस राहिली.

२०१५ साली मी दहावीला होतो. आमच्या गल्लीतल्या दुकानावर तेव्हा रविवारी रांग असायची. हमाल, झाडूवाले, नाका कामगार, मुसलमान, ख्रिश्चन, आपले. अर्धा किलोत सहा माणसांचं घर जेवायचं. कायदा आला आणि ते दुकान आधी महिनाभर बंद राहिलं. मग उघडलं तर माल कमी, भाव जास्त. हा बाजाराचा साधा नियम आहे, माल आटला की भाव चढतो आणि गरीब रांगेतून बाहेर पडतो. रांगेतून बाहेर पडलेला माणूस कुठं गेला? ब्रॉयलरकडं गेला, अंड्याकडं गेला, रश्श्याकडं गेला. पुस्तक म्हणतं, पर्याय निवडला. अरे, ढकललेल्या माणसाला निवडलं म्हणता?

आता एक अडचणीची गोष्ट. आपलेच काही लोक म्हणतात, बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितलं, मग तुम्ही कशासाठी भांडता? इथं नीट ऐका, इथंच आपली फसगत होते.

आपल्या आज्यापणज्यांच्या घरात मांसाचा खर्च शून्य होता. गावात ढोर मेलं की महारानं ते ओढायचं, आणि मांस त्याचं. घरात फ्रीज नाही, मीठ महाग. म्हणून त्याच्या चान्या करायच्या, दोरीवर वाळवायच्या आणि दुष्काळाला पुरवायच्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातलं हे सगळं रांधणं लिहून काढलंय. वहीत खर्च शून्य, पण फुकट नव्हतं. त्याची किंमत ढोर ओढून मोजली जायची, गावाबाहेर राहून मोजली जायची. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते या किमतीविरुद्ध होतं. उष्टं घेऊ नका, मेलेलं खाऊ नका, मान वर करा. आपल्या माणसांनी पोटाला चिमटा काढून ते सोडलं. ते स्वतःच्या इच्छेनं सोडलं आणि माणूस म्हणून उभं राहायला सोडलं.

१९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनीच मांडलं, की गोमांस खात राहिले म्हणून या लोकांना अस्पृश्य ठरवलं गेलं. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हत्येची हौस आणि हत्येची गरज यांत फरक केला. तेव्हा आपण बौद्ध, आपल्याला मांस कशाला, असं म्हणणाऱ्यानं ते प्रकरण एकदा उघडून बघावं. ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, त्याला माझा जयभीम. पण आपण सोडणं वेगळं आणि आपल्याकडून हिसकावणं वेगळं. पहिल्यात आपण मालक असतो. दुसऱ्यात पुन्हा गावकुसाबाहेर.

आता दुसऱ्याला शिव्या घालून झाल्या. थोडं आपल्या चुलीकडं बघू.

आमच्या घरी पातेलं उतरलं की पहिलं ताट बापाचं. मग माझं, कारण मी ओझं उचलतो. मग धाकट्या भावाचं, कारण तो वाढतोय. मग बहिणीचं. मग आई बसते. मी चोवीस वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं, आईला रस्सा आवडतो. ती म्हणायचीच, "मला फोडी नगं, दातात अडकत्यात." एकदा बहीण म्हणाली, "दादा, आईचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. तू कधी बघितलेस का?"

मी गप्प बसलो. आजही त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्याच २०१९-२१च्या पाहणीत आहे : आठवड्यातून निदान एकदा मासे, कोंबडी किंवा मांस खाणारे पुरुष ५७ टक्के, आणि बायका ४५ टक्के. यात उपासतापास आले, देवधर्म आला. पण हे बारा टक्के आपल्या ताटातनंही गेलेत. घरखर्चाची पाहणी घराच्या दारात येऊन थांबते. अर्धा किलो आलं, एवढंच ती लिहिते. आत कुणाला किती गेलं ते तिच्या यादीत नसतं. ते आपल्याला माहीत आहे. वरच्यानं आपल्याला उष्टं दिलं म्हणून आपण पेटतो, आणि आपल्या घरात आपली आई पातेलं पुसून खाते. ही चातुर्वर्ण्याची पंगत आपल्याच खोलीत बसते आणि पहिल्या पाटावर आपण असतो.

आणि आता पोरांचं. महाराष्ट्राच्या शाळेत दुपारच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय २०२३च्या नोव्हेंबरात झाला. नको असेल त्याला केळं. आठवड्याला एक! तेवढ्यावरही ओरड झाली. आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारनं सांगितलं, अंड्यासाठी वेगळा पैसा नाही, लोकवर्गणीतून जमवा. तामिळनाडूत शाळेच्या दर दिवशी अंडं मिळतं. तिथं काय अंडी झाडाला लागतात? तिथं ती मागणी रस्त्यावर आणि मतपेटीत गेली, म्हणून ताटात आली. देशात २०२३-२४ साली माणशी वर्षाला १०३ अंडी निघाली. पोषणवाले सांगतात १८० पाहिजेत. आणि ही १०३ तरी सगळ्यांना सारखी थोडीच वाटलीत? आमच्या वाट्याची कुणीतरी जिममध्ये पांढरं पांढरं खातंय आणि पिवळं फेकून देतंय.

तर मित्रांनो, बाजारातली मागणी आपल्या हातात नाही. तिला पैसा लागतो. मोर्च्यातली मागणी आपल्या हातात आहे, तिला फक्त लाज सोडावी लागते. म्हणून मी चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, शाळेत आणि अंगणवाडीत रोज अंडं, सरकारच्या पैशानं. वर्गणीवर नाही, भिकेवर नाही. ज्याला नको त्याला दुसरं द्या, पण त्याच्या नकोमुळं आमच्या पोराच्या ताटातलं काढू नका.

दोन, २०१५चा कायदा मागं घ्या. म्हातारा बैल दुष्काळात पोसायचा कुणी, हे शेतकऱ्यालाही विचारा. तो आपल्याबरोबर येईल.

तीन, वस्तीत प्रत्येक घरानं वही ठेवायची. महिनाभर. काय आणलं, कितीचं आणलं आणि कुणाच्या ताटात किती पडलं. तरुणांनी घरोघर जाऊन ती लिहून घ्यायची. आपला आकडा आपण काढू. आणि पाहणीवाला आला तर खरं सांगायचं. हे बोलायला सोपं आहे, माझ्या आईची भीती खोटी नाही. म्हणून तिनं एकटीनं सांगायचं नाही. अख्ख्या चाळीनं सांगायचं. शंभर घरांनी एकच गोष्ट सांगितली तर एकीला कोण खोली सोडायला लावणार?

चार, आज रविवार आहे. इथनं घरी जाल तेव्हा पातेलं उतरलेलं असेल. पहिलं ताट आईचं वाढा. ती नको म्हणेल, दातात अडकतं म्हणेल. ऐकू नका.

मी गेल्या रविवारी वाढलं. आई ताटाकडं बघत राहिली. मग दोन फोडी उचलून माझ्या ताटात टाकायला निघाली. मी हात धरला. ती म्हणाली, "सोड रं, तू वझं उचलतूस." मी म्हटलं, "आई, आम्हाला तू उचललंस."

तिनं खाल्लं. वहीत त्या दिवशी लिहिलंय, 'वशाट, अर्धा किलो.' त्याच्याखाली मी पहिल्यांदा एक ओळ वाढवली : 'आई, चार फोडी.'

जयभीम.